भाज्या वाढवायच्यात, पण होतो तो लगदा! सल्ला हवा

अर्धपोटी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली. तपासणीत साखर अगदी काठावर आणि कोलेस्टेरॉल काठाच्याही पलीकडे निघालं. डॉक्टरांनी गोळी न देता तीन महिन्यांची मुदत दिली आहे. रोज चालायचं आणि अर्धं ताट भाज्यांनी भरायचं. चालणं जमलं. भाज्यांशी काही केल्या सूत जुळेना.

माझी पद्धत सांगते, हसू नका. सगळं चिरून कढईत घालायचं, मीठ टाकायचं, पेलाभर पाणी, वर झाकण, वीस मिनिटं. झाकण काढल्यावर जे दिसतं त्याला रंग नसतो. नवरा निमूट खातो, आणि त्याचं ते निमूट खाणंच जास्त लागतं. मुलगा (वय ९) फरसबीचा एक तुकडा गालात धरून दहा मिनिटं बसून राहतो. पूर्वी चमचाभर भाजीत निभायचं, आता अर्धं ताट म्हणजे शिक्षाच.

पोषण टिकेल आणि खावीशीही वाटेल अशी भाजी करायची कशी? कच्चीच खावी का? रोज नक्की किती? एअर फ्रायर घेऊ का? पाककृती नकोत, त्यांचा ढीग साठलाय. पद्धत सांगा.

कढईकाळी
ताई, आधी तो पाण्याचा पेला ठेवून द्या. झाकणही.

बहुतेक भाज्यांमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वरून आणखी घातलं की कढईत उकडण्याखेरीज दुसरं काही होऊ शकत नाही. पाणी आहे तोवर कढईतली भाजी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा तो खमंग वास, तपकिरी कडा वगैरे प्रकार साधारण १४० अंशांच्या पुढे सुरू होतो. म्हणजे तुमची भाजी चवीच्या अलीकडच्या स्टेशनवरच उतरतेय.

फरसबी किंवा फ्लॉवर घेऊन एकदा एवढं करून बघा. धुतल्यावर स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा, मग चिरा. जाड बुडाची कढई किंवा लोखंडी तवा चांगला तापवा. दोन चमचे तेल. भाजी एका थरात पसरा, तुकड्यावर तुकडा नको. आणि आता सगळ्यात अवघड काम: हात मागे घ्या. तीन मिनिटं ढवळायचं नाही. मग एक तुकडा उलटून बघा, खाली डाग पडला असेल तर सगळं परता. आणखी तीन-चार मिनिटं. मीठ अगदी शेवटी, कारण मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं आणि आपण परत पहिल्या पानावर.

कान द्या. कोरडी भाजी तापलेल्या तेलात पडली की चर्रर्र असा तीक्ष्ण आवाज येतो. तो मऊ होऊन बुडबुड ऐकू यायला लागली तर समजा पाणी सुटलंय: कढईत गर्दी झालीये किंवा आच कमी पडतेय. चौघांची भाजी एकदम होत नाही, दोन घाण्यांत करा. कंटाळवाणं आहे, पण त्याला इलाज नाही.

निवांत
कढईकाळींना +१. एअर फ्रायर म्हणजे लहान भट्टी आणि आत पंखा. काम चोख करतो, पण नियम तेच: कोरडी भाजी, गर्दी नको. ओव्हन असेल तर २०० ते २२० अंशांवर ताटलीभर भाजी एकाच वेळी होते. दोन्ही नसतील तर तवा आहेच. यंत्र घेऊन सवय लागत नाही हे माझ्या कपाटातली तीन यंत्रं सांगतील.

फ्रोझन भाज्यांकडे नाक मुरडू नका. काढणीनंतर लवकर, उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून गोठवलेल्या असतात, त्यामुळे आठवडाभर फ्रीजमध्ये मान टाकून पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा वाईट नक्कीच नसतात. फक्त मीठ किंवा सॉस घातलेली पाकिटं टाळा.

जुनंखोड
अहो, पण सगळंच भाजत सुटू नका. पालेभाजीला हा न्याय लावलात तर कढईत राख उरेल. पालेभाजी म्हणजे दोन-तीन मिनिटांचा खेळ. मोठी जुडी मूठभर होते, त्यामुळे आणताना दुप्पट आणायची.

हिरवा रंग का जातो ते सांगतो, बायकोने चाळीस वर्षं माझ्यावर ढकललेलं खापर आहे ते. पाला तापला की त्यातली आम्लं बाहेर येतात आणि हरितद्रव्यावर चाल करून जातात, मग रंग करडा-तपकिरी होतो. झाकण ठेवलं की वाफेबरोबर उडून जाणारी आम्लंही आतच कोंडली जातात. म्हणून पालेभाजी उघडी ठेवायची. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं. कुणी चिमूटभर खायचा सोडा सुचवेल, नादी लागू नका. रंग हिरवागार राहतो, पण भाजीचा चोथा होतो आणि काही जीवनसत्त्वंही जातात.

आम्लाचा दुसरा उद्योग ऐका. एकदा मी बटाट्याच्या फोडी आधीच टोमॅटोच्या रसात टाकल्या. पाऊण तास झाला तरी त्या कटाकटा दाताखाली येत होत्या. आम्लात भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. बटाटा, गाजर, बीन्स आधी मऊ होऊ द्या, मग टोमॅटो. ही अक्कल पाहुणे ताटावर बसलेले असताना आली.

वजनकाटा
आहाराचा सल्ला देणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडं लांबवते.

किती? जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं की प्रौढांनी फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाव्यात. बटाटा, रताळं यांसारखे पिष्टमय कंद त्यात धरायचे नाहीत. हे वाचलं की माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा चेहरा पडतो. तंतुमय पदार्थ दिवसाला किमान २५ ग्रॅम. अर्ध्या ताटामागचा हिशोब हाच आहे: कमी उष्मांकात पोट भरतं, आणि तंतूंपैकी जे विरघळणारे असतात ते कोलेस्टेरॉल थोडं खाली आणायला मदत करतात.

कच्चं की शिजवलेलं हा वाद प्रत्येक भाजीगणिक वेगळा आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं. म्हणून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देणं ही सगळ्यात तोट्याची पद्धत. वाफवणं किंवा झटपट परतणं बरं. चिरलेली भाजी पाण्यात भिजत घालू नका, आधी धुवा आणि मग चिरा. उलट टोमॅटोतलं लायकोपिन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. गाजर-भोपळ्यातलं बीटा कॅरोटिन (ज्याचं शरीर अ जीवनसत्त्व करतं) तसंच, शिवाय ते शोषलं जायला सोबत थोडं तेल लागतं. त्यामुळे "तेल बंद" असं करू नका ताई, मोजून घाला. ब्रोकोली-कोबी चिरून थोडा वेळ तशीच ठेवली तर तिच्यातल्या एन्झाइमला (उपयोगी द्रव्य तयार करणाऱ्या प्रथिनाला) काम करायला सवड मिळते, लगेच तापवली तर ते मरतं. लसणाचंही हेच, ठेचून दहा मिनिटं थांबा.

साखर काठावर आहे म्हणून एक: जेवताना भाजी आधी, पिष्टमय पदार्थ नंतर. जेवणानंतरची साखर या क्रमाने कमी चढते असं अभ्यासांत दिसलं आहे.

आता सावधगिरी. रक्त पातळ करणारी वॉरफरिन गोळी घरात कुणी घेत असेल तर पालेभाज्या अचानक वाढवू नका, त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टरांशी बोलून प्रमाण रोज सारखं ठेवायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम मोजावं लागतं, तिथे इंटरनेटवरचा सल्ला चालत नाही, माझासुद्धा. ऑक्झलेटचे (पालकासारख्या भाज्यांत असणाऱ्या एका क्षाराचे) मुतखडे होत असतील तर पालक हात राखून. पालकात कॅल्शियम भरपूर असतं खरं, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं, अंगी लागतं फार थोडं.

टिचकी
मुलाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. माझी लेक पाच वर्षं फक्त काकडीवर होती. नवीन भाजी मुलांच्या जिभेवर बसायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळेलाच "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. ताटात एकच तुकडा ठेवा. खाल्ला तर वा-वा नको, टाकला तर भाषण नको.

आणि काही मुलांना कडू खरोखरच जास्त लागतं, नाटक नसतं ते. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची पूड हवेत उडाली. शेजारच्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच चव कळेना. पुढे हा फरक आनुवंशिक निघाला. कोबीच्या कुळातल्या भाज्यांच्या कडवटपणाचंही थोडंफार तसंच. त्यामुळे गालातल्या फरसबीवरून पोराला रागावू नका. लगदा मोठ्यांनाही आवडत नाही. (गंमत करतेय, हलकेच घ्या.)

अर्धपोटी
किती लिहिलंत सगळ्यांनी! दहा दिवसांचा अहवाल देते.

पहिल्या दिवशी तवा इतका तापवला की तेलाचा धूर झाला आणि फरसबी बाहेरून काळी, आतून कच्ची. दुसऱ्या दिवशी पुसायला विसरले. चर्रर्र न होता नुसतं फस्स. तिसऱ्या दिवशी मात्र आवाज बरोबर आला. हात मागे घ्यायचा म्हणून चमचा चक्क दुसऱ्या खोलीत ठेवून आले. उलटल्यावर प्रत्येक तुकड्यावर एका बाजूला तपकिरी पट्टा, बाकी हिरवा. वरून मीठ, लिंबू. मी गॅस पुसत होते आणि मागे नवरा उभ्या-उभ्या कढईतूनच उचलून खात होता. ताटात पडेपर्यंत निम्मी संपली. काही बोलला नाही, पण हे निमूटपण वेगळं होतं.

लेकाने एक तुकडा खाल्ला. मी तोंड मिटून बसले, फार कठीण गेलं. परवा दोन खाल्ले, काल शून्य. फ्लॉवर मात्र तो "पॉपकॉर्न" म्हणून मागतोय.

वजनकाटा, सासरे वॉरफरिनच घेतात. तुम्ही लिहिलं नसतं तर रोज जुडीभर पाला वाढला असता. त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांचं ताट आता वेगळं ठरवलंय.

आता वांगं. तीच पद्धत केली तर अर्धी बाटली तेल पिऊन बसलं. काय करू?

कढईकाळी
वांगं म्हणजे स्पंज. आत हवाच हवा असते, दिसेल ते तेल ओढतं. आधी फोडी सात-आठ मिनिटं वाफवून घ्या किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवा. त्या पोकळ्या बसल्या की मग पुसून तव्यावर. चमचाभर तेलात होतं.

जुनंखोड
आणि या वेळी चमचा स्वयंपाकघरातच ठेवा ताई, वांगं चिकटतं.