नव्या पीसीला जुने मॉनिटर कसे जोडावेत?

अक्षरजुळणी:
नमस्कार मंडळी. मिरजेत माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दिवाळीला एखादा अंक अशी कामं असतात. जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला आणि तसा दुसरा कुठेच मिळेना, म्हणून नवा छोटा पीसी घेतला. पीसी उत्तम आहे, चटचट चालतो. पण मागे मॉनिटर जोडायला नव्या पद्धतीचे पोर्ट, एक एचडीएमआय आणि दोन डिस्प्लेपोर्ट, एवढंच. जुन्या पद्धतीचे व्हीजीए नाही, डीव्हीआय नाही.

माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत. एक वीस इंची, जुन्या चौकोनी घाटाचा, १६०० बाय १२०० ठिपक्यांचा, आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाही असं). त्याला व्हीजीए आणि डीव्हीआय दोन्ही आहेत. दुसरा एकोणीस इंची, १२८० बाय १०२४, त्याला नुसता व्हीजीए. दोन्ही ठणठणीत आहेत, एकावरही डाग नाही. वीस इंचीवर मी पान लावते, एकोणीस इंचीवर ग्राहकाचा मजकूर उघडा ठेवते.

दुकानदाराने एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर दिला. तो लावला की वीस इंचीवर १०२४ बाय ७६८ च्या वर जाता येत नाही, चित्र थरथरतं आणि मधेच पडदा काळा होतो. अक्षरं इतकी पुसट की रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखू येत नाहीत. पत्रिकेत वधूच्या आडनावावरचा रफार गेला तर दोन घरांत बोलणी होतात हो! परत गेले तर म्हणाला, "ताई, हे मॉनिटर आता भंगारात काढा, बावीस इंची घ्या." तो बावीस इंची रुंद मॉनिटर मी टेपने मोजला. पडद्याची उंची २७ सेंटिमीटरही नाही. माझ्या जुन्याची साडेतीस आहे. ए-फोरचं पान २९.७. म्हणजे पैसे देऊन माझं पान लहान करून घ्यायचं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नेमकं काय विकत घेऊ? जुन्या ग्राफिक्स कार्डाबरोबर आलेला डीव्हीआय-व्हीजीए जोड घरात आहे, तो कुठे उपयोगी पडेल का? आणि दुसरं, हे सारखं सारखं का बदलतात? मी १९९८ पासून या धंद्यात आहे. कितीतरी वर्षं एकच निळ्या टोकाची व्हीजीए केबल होती. कुठलाही पीसी, कुठलाही मॉनिटर, दोन स्क्रू आवळले की काम सुरू.

सोल्डरगन:
ताई, मॉनिटर अजिबात टाकू नका. वीस इंचीसाठी एचडीएमआय-डीव्हीआय केबल घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळते. कन्व्हर्टर नको, साधी केबल. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांचा चित्राचा सिग्नल मुळात एकच आहे, फक्त टोकं वेगळी. त्यामुळे मधे चिप लागत नाही आणि अक्षरं पुसट होण्याचा प्रश्नच येत नाही. साध्या (सिंगल लिंक) डीव्हीआयची ठिपके पाठवायच्या वेगाची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ. तुमच्या १६०० बाय १२०० ला ६० हर्ट्झवर १६२ लागतात. बरोबर बसतं.

एकोणीस इंचीसाठी डिस्प्लेपोर्ट-व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, एचडीएमआयवाला नको. व्हीजीए हा अ‍ॅनालॉग सिग्नल, म्हणजे चित्र आकड्यांत नव्हे तर कमीजास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये जातं. डिजिटलचा अ‍ॅनालॉग करायला मधे चिप लागतेच आणि चिपला वीज लागते. एचडीएमआय पोर्टकडून ५ व्होल्टवर फक्त ५५ मिलिअँपिअरची हमी असते. स्वस्त कन्व्हर्टर तेवढ्यात धापा टाकतो. पडदा मधेच काळा होतो तो बहुतेक त्यामुळेच. काही कन्व्हर्टरना बाजूला यूएसबीतून वीज द्यायची सोय असते, ती याचसाठी. डिस्प्लेपोर्ट ३.३ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, तिथे ही अडचण येत नाही.

१०२४ बाय ७६८ वर अडकण्याचं कारण बहुधा केबल. मॉनिटर आपलं माप पीसीला सांगतो ते व्हीजीएच्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. हलक्या केबलींत या तारा टाकलेल्याच नसतात. मग पीसीला समोर कोण आहे ते कळत नाही आणि तो आपला सुरक्षित माप देऊन मोकळा होतो. मॉनिटरबरोबर आलेली जाड केबल, दोन्ही टोकांना गोळा असलेली, तीच वापरा. १२८० बाय १०२४ ठेवून मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा, थरथर जाईल.

तो जुना जोड मात्र इथे चालणार नाही. त्याच्या चपट्या पिनेभोवती चार बारीक पिना दिसतील. अ‍ॅनालॉग सिग्नल त्यांतून यायचा. एचडीएमआयमध्ये अ‍ॅनालॉग नाहीच, तर त्या पिनांना मिळणार काय?

वादापलीकडे:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी हार्डवेअरमध्येच काम करतो आणि सगळं कारस्थान आहे असं मला वाटत नाही. व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणला तो काचेच्या नळीच्या मॉनिटरसाठी. सपाट पडद्याचे एलसीडी आल्यावर पीसीतला डिजिटल आकडा अ‍ॅनालॉग करायचा आणि मॉनिटरने तो परत डिजिटल करायचा, असा उलटसुलट प्रकार झाला. १९९९ चा डीव्हीआय ही योग्य सुधारणा होती, आणि त्यात अ‍ॅनालॉगची सोयही ठेवली होती. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी डिस्प्ले यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करायचा. जवळपास पाच वर्षं आधी सांगितलं होतं.

अक्षरजुळणी:
सोल्डरगन दादा, मनापासून आभार. केबल मागवली आहे.

वादापलीकडे, तुमचं पटतं, पण निम्मंच. डीव्हीआय आला तो चित्र चांगलं व्हावं म्हणून, मान्य. पण त्यानंतर? २००२ च्या शेवटी एचडीएमआय आला तो हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सोनी, तोशिबा अशा टीव्हीवाल्यांच्या गटाकडून. वापरायचा तर कंपन्यांनी दरवर्षी फी द्यायची, शिवाय प्रत्येक नगामागे रॉयल्टी. मग संगणकवाल्यांच्या व्हेसा संस्थेने २००६ मध्ये रॉयल्टी नसलेला डिस्प्लेपोर्ट काढला. दोन्ही डिजिटल, दोन्ही सपाट पडद्यासाठी. हे दोन गटांचं भांडण आहे, आणि त्याचा खर्च माझ्यासारखीच्या गल्ल्यातून जातो. त्यात डिस्प्लेपोर्टचा मिनी निघाला, मग यूएसबी-सी. भाचीच्या लॅपटॉपला दोन यूएसबी-सी आहेत, दिसायला हुबेहूब सारखी. एकातून मॉनिटर चालतो, दुसऱ्यातून नाही. वर काही खूण नाही. वेगळं भोक असेल तर निदान डोळ्यांना दिसतं. सारख्या भोकात वेगळं काम ठेवलं तर माणसाने ओळखायचं कसं?

पाच वर्षं आधी सांगितलं म्हणता. कुणाला? मिरजेच्या दुकानदाराला कुणी सांगितलं नाही, मला तर नाहीच. त्याला केबल आणि कन्व्हर्टर यांतला फरक ठाऊक नव्हता, आणि त्याचा मला राग नाही. खोक्यावर चार ओळी छापायला कंपनीला काय लागतं? 'जुना डीव्हीआय मॉनिटर साध्या केबलने चालेल, व्हीजीएला कन्व्हर्टर लागेल.' या चार ओळी नसतात म्हणून चालू मॉनिटर भंगारवाल्याकडे जातात. या जुन्या एलसीडींमागे ज्या बारीक ट्यूब असतात त्यांत पारा असतो. आमच्या गल्लीच्या टोकाला ते फोडून तांबं काढतात, पोरं बाजूला खेळत असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम २०२३ च्या एप्रिलपासून लागू आहेत. फोडणाऱ्यापर्यंत ते पोचलेले मी तरी पाहिले नाहीत.

वादापलीकडे:
यूएसबी-सीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. युरोपने फोनला २०२४ च्या अखेरीपासून यूएसबी-सी सक्तीचं केलं, पण ती सक्ती चार्जिंगपुरती. त्याच भोकातून चित्र द्यायचं की नाही हे अजूनही कंपनीच्याच मर्जीवर आहे. खोक्यावर छापायची तुमची मागणी रास्त आहे, आणि ती कामाच्या ठिकाणी मीही मांडीन.

खडूफळा:
मी तालुक्याच्या शाळेत शिकवतो. आमच्या वर्गांत प्रोजेक्टरची व्हीजीए केबल भिंतीत गाडलेली आहे, वर गिलावा. नवे लॅपटॉप आले तेव्हा प्रोजेक्टर बदलायचा प्रस्ताव आला. शेवटी प्रत्येक वर्गाला एक कन्व्हर्टर घेतला आणि पोडियमला तारेने बांधून टाकला, नाहीतर हरवतो. एक लक्षात ठेवा: व्हीजीएतून आवाज येत नाही. कन्व्हर्टरला आवाजाचं छिद्र आहे का ते बघून घ्या. आणि काही चित्रपटांची अ‍ॅप व्हीजीएवर चित्रच देत नाहीत, कारण कॉपी रोखणारं कुलूप तिथे उघडत नाही.

अक्षरजुळणी:
कळवायला आले. एचडीएमआय-डीव्हीआय केबल लावली आणि १६०० बाय १२०० आपोआप आलं, काहीच करावं लागलं नाही. आठ पॉइंटातला 'र्क' स्वच्छ दिसतो. तुळशीच्या लग्नानंतरची कामं आता अडणार नाहीत. दुकानदाराला केबल नेऊन दाखवली, त्याने दोन मागवून ठेवतो म्हटलं.

एकोणीस इंचीसाठीचा डिस्प्लेपोर्ट कन्व्हर्टर अजून यायचाय. सोल्डरगन दादा, पीसी टेबलाखाली आहे, मॉनिटर वर. कन्व्हर्टर पीसीला लावून पुढे लांब व्हीजीए घेऊ, की लांब डिस्प्लेपोर्ट घेऊन कन्व्हर्टर मॉनिटरपाशी ठेवू?

सोल्डरगन:
पीसीलाच लावा आणि पुढे तुमची जाड व्हीजीए घ्या. १२८० बाय १०२४ ला पाच मीटरपर्यंत काही फरक जाणवणार नाही. फक्त व्हीजीएचे दोन्ही स्क्रू आवळा आणि कन्व्हर्टर लोंबकळत ठेवू नका, टेबलाच्या पायाला पट्टीने बांधा. केबलच्या वजनानेच पोर्ट ढिले होतात.