सीपॅपच्या नळीत पाणी साचतंय, नाकावर थेंब पडतात, सेटिंग काय ठेवू?

घोरपंडित:
नमस्कार मंडळी, सीपॅप (झोपेत श्वास अडकू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून दोन महिने झाले. स्लीप स्टडीत तासाला ३४ वेळा श्वास अडकतो असं आलेलं, आता सकाळी मशीन २ नाहीतर ३ दाखवतं, म्हणजे गुण आलाय, ती तक्रारच नाही. तक्रार अशी की थंडी पडल्यापासून रात्री दोन-अडीचला नळीतून हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज सुरू होतो आणि मग मास्कमधून गारेगार थेंब थेट नाकावर. परवा कूस बदलली आणि चमचाभर पाणी नाकात गेलं, ठसका लागून उठून बसलो, बायको घाबरून लाईट लावून बघत होती.

ह्युमिडिटी (टाकीतल्या पाण्याने हवा ओली करायचं सेटिंग) ६ वर आहे (१ ते ८ असते), नळी साधी, ऑटो प्रेशर ८ ते १४ (मशीन आपलं आपण त्यात कमीजास्त करतं), रॅम्प (सुरुवातीला प्रेशर हळूहळू चढायचा वेळ) २० मिनिटं आणि सुरुवात ४ पासून. ह्युमिडिटी २ वर आणून बघितली तर सकाळी घशाला कोरड आणि जीभ टाळूला चिकटलेली. एकतर आंघोळ नाहीतर वाळवंट, मधलं काही मिळेना. आणि दुसरं, मास्क लावल्या लावल्या पहिली दहा मिनिटं हवा पुरतच नाही असं वाटतं, नंतर प्रेशर वाढलं की श्वास सोडताना मशीनशी कुस्ती. यातलं आपल्या हातात काय असतं आणि डॉक्टरला विचारून काय करायचं?

रातकिडा:
ह्युमिडिफायर बंद करून टाका, मी वर्षभर बिनपाण्याचंच वापरतोय. पाणीच नाही तर थेंब कुठून येणार.

नळीवाली:
रातकिडा दादा, तुम्हाला चालत असेल तर छानच, पण सगळ्यांना नाही चालत. कोरडी हवा रात्रभर नाकात गेली की नाक आतून सुजतं, नाक चोंदलं की तोंड उघडतं, तोंड उघडलं की हवा तिथूनच निघून जाते आणि सकाळी घसा कोरडा. घोरपंडितांचं २ वर तेच होत असणार. माझं झालंय.

घोरपंडित, तुमचं पाणी जास्त नाहीये, नळी गार आहे. टाकीतून निघताना हवा कोमट आणि ओली असते. २७ डिग्रीची हवा एका घनमीटरमधे साधारण २६ ग्रॅम वाफ धरू शकते, तीच २० डिग्रीला आली की १७ च्या आसपास. म्हणजे तुमच्या गार खोलीतून सहा फूट नळीत जाताजाता हवा थंड झाली की वरची वाफ आत नळीलाच चिकटणार, गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून घाम फुटतो तसं. पहाटेकडे खोली अजून गार होते म्हणून तुम्हाला मध्यरात्रीनंतर त्रास, झोपताना काहीच नाही.

म्हणून ह्युमिडिटी कमी करण्याआधी नळी गरम ठेवा. तुमच्या मशीनला तापणारी नळी बसते का बघा (सगळ्यांना बसत नाही, मॉडेल बघूनच घ्या), आत बारीक तार असते. मी तापमान २७ वर ठेवते, कडाक्याची थंडी असली की २९. ती बसवल्यापासून ह्युमिडिटी ५ वर असूनही नळी सकाळी कोरडी असते. ती मिळेपर्यंत नळीला कापडी कव्हर घाला, मी पहिल्यांदा जुन्या स्वेटरची बाही कापून चढवलेली, दिसायला भयानक पण काम झालं. किंवा नळी पांघरुणाच्या आतून घ्या, पण मशीनची मागची जाळी आणि मास्कची हवा बाहेर टाकायची बारीक भोकं अजिबात झाकायची नाहीत. पंख्याचा किंवा एसीचा झोत नळीवर येत असेल तर तो पण वळवा.

आणि मशीन कुठे ठेवलंय? उशीच्या वरच्या लेव्हलला टेबलावर असेल तर पाणी उतारावरून सरळ तुमच्या नाकात. गादीच्या लेव्हलपेक्षा खाली, बुटक्या स्टुलावर ठेवा, म्हणजे जमलेलं पाणी परत टाकीकडे जातं. नळीला मधे झोका पडू देऊ नका, तुमची गुडगुड तिथेच होते, खालच्या वळणात पाणी साचतं आणि हवा त्यातून बुडबुडे काढत जाते.

रातकिडा:
हे वाचून माझं मशीन कुठंय बघितलं. कपाटावर आहे 😅 नशीब पाणी नसतं त्यात.

साधा_माणूस:
नळीवाली ताईंनी पाण्याचं सगळं सांगितलंय, मी घुसमटीचं बोलतो, सात वर्षं झाली मला. तुमचा रॅम्प ४ पासून सुरू होतो तीच गोची आहे. लोकांना वाटतं कमी प्रेशर म्हणजे आराम, पण ४ वर बऱ्याच जणांना हवा पुरत नाही, श्वास ओढायला लागतो. रॅम्पची सुरुवात ६ करून बघा. रॅम्पची वेळ आणि सुरुवात बहुतेक मशीनमधे पेशंटच्या मेनूत असते, त्याने रात्रीचं मुख्य प्रेशर बदलत नाही.

कुस्तीसाठी श्वास सोडताना प्रेशर कमी करायची सोय असते, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, पण बहुतेक १, २, ३ अशा पायऱ्या असतात. माझ्या मशीनवर २ म्हणजे श्वास सोडताना २ सेंटिमीटरने (हे प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमधे मोजतात) प्रेशर उतरतं, मी त्यावरच आहे. ३ सगळ्यात हलकं वाटलं पण माझे सकाळचे आकडे थोडे चढले म्हणून मागे आलो, तेव्हा बदलल्यावर आठवडाभर आकडे बघा, ५ च्या खाली राहिले तर ठीक. पण ८ ते १४ हे जे आहे ना, त्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. मी शहाणपणा करून वरची मर्यादा वाढवली होती, दोन रात्री पोटात हवा भरून फुगा झाला, ढेकरा थांबेनात.

मास्क फुलफेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा) आहे का? असेल तर एक लक्षात घ्या, आपला उच्छ्वासच ओला असतो, त्यामुळे नळी कितीही गरम केली तरी मास्कच्या गार प्लास्टिकवर थोडा ओलावा धरणारच. तो पुसायचा आणि सोडून द्यायचं. पट्टे मात्र बसून आवळू नका, आडवं पडा, मशीन चालू करा, मग जेवढं लागेल तेवढंच आवळा.

आणि एकेका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

नळीवाली:
एक राहिलंच, टाकी भरलेली ठेवून मशीन उचलू नका. मी खोली बदलताना तसंच उचललं, तिरकं झालं, पाणी मोटरकडे गेलं आणि मशीन गेलं. सकाळी उरलेलं पाणी ओतायचं, टाकी उघडी वाळवायची, नळी उंचावर लटकवायची. पाणी डिस्टिल्डच घाला, नाहीतर तळाला पांढरा थर धरतो.

घोरपंडित:
पाच रात्री झाल्या म्हणून सांगायला आलो. पहिल्या दिवशी फक्त मशीन खाली स्टुलावर ठेवलं, बाकी काही नाही. गुडगुड झाली पण नाकात थेंब नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचा जुना लोकरी मफलर नळीला गुंडाळून सुतळीने बांधला, ह्युमिडिटी ६ वरून ५, आणि काल सकाळी नळी उलटी धरून झटकली तर दोन-तीनच थेंब पडले. तापणारी नळी माझ्या मॉडेलला बसते, मागवलीये. रॅम्प ६ पासून केला (हो साधा_माणूस, एकेका वेळी एकच म्हणालेला, पण धीर नाही निघाला) आणि मास्क लावल्यावर पहिल्यांदाच खिडकीकडे पळावंसं वाटलं नाही. श्वास सोडायचं सेटिंग बंद होतं, ते पुढच्या आठवड्यात १ वर करून बघतो.

बायको म्हणते मफलर बांधल्यापासून पलंगाशेजारी साप झोपलाय असं वाटतं. नवी नळी आली की काढू.