शब्दचर्चा : पट्टी, फर्मा की गुण्या?

प्रश्न (महाल, नागपूर)

आमच्या शिवणवर्गात कापडाचे तुकडे जोडून चौकोन शिवायचे आणि ते चौकोन एकमेकांना जोडून क्विल्ट पूर्ण करायची, असे काम सध्या चालू आहे. शिवलेल्या चौकोनाच्या कडा कापून त्याला नेमक्या मापात आणण्याच्या क्रियेसाठी मी वहीत ‘चौरस करणे’ असे लिहिले आहे. त्यासाठी लागणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या साधनाला मात्र वर्गात कोणी पट्टी म्हणते, कोणी साचा, तर कोणी फर्मा. त्यामुळे विद्यार्थिनी इतवारीत खरेदीला गेल्या की भलतेच साधन घेऊन येतात. नेमके शब्द कोणते वापरावेत?

उत्तर

आपली गोधडी जुन्या सुती साड्या-धोतरांचे थर अंथरून, त्यावर धावदोरा घालत तयार होते. तिच्यात प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे शिवून मापात आणण्याची पायरी सहसा नसते, म्हणून या क्रियेचा शब्द गोधडीच्या परिभाषेत शोधण्यापेक्षा सुतार आणि गवंडी यांच्याकडून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. गुण्या म्हणजे काटकोन तपासण्याचे त्यांचे साधन; भिंतीचा कोपरा काटकोनात बसला की गवंडी ‘गुण्यात आहे’ असे म्हणतो. आपल्याला हवा असलेला अर्थ तोच आहे.

‘चौरस करणे’ हा प्रयोग चुकीचा नाही, परंतु तो लक्ष बाजूंकडे वेधतो, आणि खरी अडचण कोनांत असते. चारही बाजू सारख्या भरल्या तरी तुकडा कललेला, म्हणजे केवळ समभुज चौकोन, असू शकतो; इस्त्री फिरवताना कापड उरेब, म्हणजे तिरप्या, दिशेने ताणले गेले की हमखास असेच होते. म्हणून बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत, आणि चारही बाजू सारख्या असून कर्णही सारखे भरले तरच चौकोन गुण्यात आला असे समजावे.

साधनांच्या बाबतीत पट्टी आणि फर्मा यांतला भेद कसोशीने पाळावा. फर्मा एका आकाराचा आणि एकाच मापाचा असतो. त्याच्या कडेने खडू फिरवायचा आणि कात्रीने कापायचे, ही जुनी रीत पुठ्ठ्याच्या फर्म्यावरही उत्तम चालते. ओल्फा या जपानी कंपनीने 1979 साली फिरत्या पात्याचा कटर आणला आणि त्यानंतर पात्याला टेकू देईल अशी जाड, पारदर्शक, रेघांची पट्टी गरजेची झाली. पट्टीवर अनेक मापे असतात. तिच्यातही दोन जाती आहेत : 6 बाय 24 इंचांची लांब पट्टी थानातून कापडाच्या पट्ट्या काढण्यासाठी असते आणि चौरस पट्टी शिवलेला चौकोन गुण्यात आणण्यासाठी. चौरस पट्टीवर 45 अंशांची कर्णरेषा असलीच पाहिजे, कारण दोन त्रिकोणांच्या जोडाची शिवण त्याच रेषेखाली ठेवावी लागते. ‘साचा’ हा शब्द येथे टाळावा. त्यात ओतून घडवण्याचा अर्थ आहे.

खरेदीच्या वेळी ‘तयार माप’ आणि ‘कच्चे माप’ हे शब्द उपयोगी पडतील. तयार माप म्हणजे चौकोन जोडल्यावर दिसणारे, आणि कच्चे माप म्हणजे त्यात प्रत्येक बाजूची पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले कापड, धरून येणारे. चौकोन तयार 12 इंचांचा हवा असेल तर कडा कापल्यानंतर त्याचे कच्चे माप साडेबारा इंच राहिले पाहिजे, म्हणजे 12 इंचांची पट्टी अर्ध्या इंचाने अपुरी पडते आणि साडेबारा इंचांचीच घ्यावी लागते. कापताना चौकोनाचा मध्य पट्टीच्या सव्वासहा इंचांच्या खुणांवर आणावा, उजवी आणि वरची कड कापावी, मग चौकोन अर्धा फेरा फिरवून कापलेल्या कडा साडेबाराच्या रेघांवर बसवाव्यात आणि उरलेल्या दोन कडा कापाव्यात. एका कोपऱ्यापासून मोजत गेल्यास मधली नक्षी एका बाजूला सरकते.

दुसरे उत्तर

एक व्यावहारिक अडचण मांडतो. शाळेत ‘गुण्या’ म्हणजे कंपासपेटीतील त्रिकोण, त्यामुळे साधनाला गुण्या म्हटले तर मुली सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानातून तोच आणतील. ‘गुण्यात आणणे’ ही क्रिया जरूर ठेवावी, साधनाला मात्र ‘चौरस पट्टी’च म्हणावे.

पहिल्या उत्तराची पुरवणी

ही दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे. फर्म्याविषयी एक गोष्ट राहिली होती, ती अशी की ‘मायेसह फर्मा’ आणि ‘बिनमायेचा फर्मा’ हे दोन वेगळे शब्द वहीत असावेत. हातशिलाईत बहुधा बिनमायेचा फर्मा ठेवून टाक्याची रेघ आखतात आणि माया बाहेर सोडतात. यंत्रावरच्या कामात कड हीच खूण असल्यामुळे माया फर्म्यातच धरलेली असते. दोन्ही प्रकार दिसायला सारखे असल्याने फर्म्यावरच ठळकपणे तसे लिहून ठेवावे.

क्विल्टमध्ये ही माया पाव इंच धरतात, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. एका इंचात आठ सूत असतात. चांदणीसारखी नक्षी असेल तर तिच्या टोकांपासून कापलेल्या कडेपर्यंत हे दोन सूत राहिलेच पाहिजेत, नाहीतर पुढच्या शिवणीत टोके दबून जातात. चौकोन कापण्याआधी या दोन सुतांची रेघ टोकांवर बसते का, ते चारही बाजूंनी पाहून घ्यावे, आणि एका क्विल्टला शेवटपर्यंत एकच पट्टी वापरावी, कारण निरनिराळ्या पट्ट्यांवरील रेघांची जाडी सारखी नसते.