बारा वर्षांची सरकारी नोकरी सोडून पुण्याच्या खाजगी कंपनीत जावे का?

मलप्रभाकाठचा

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात कर्नाटक सरकारच्या बांधकामाशी संबंधित एका खात्यात जेई (कनिष्ठ अभियंता) म्हणून काम करतो. वय ३७, सेवा बारा वर्षे. सातव्या वेतन आयोगानंतर मूळ पगार ६५,००० रुपये झाला असून डीए (महागाई भत्ता) आणि एचआरए (घरभाडे भत्ता) धरून एकूण ७९,००० होतात. एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना), केजीआयडी (राज्य सरकारची कर्मचारी विमा योजना) यांचे हप्ते आणि व्यवसाय कर वजा जाता सुमारे ६७,००० रुपये हातात पडतात. पुण्याच्या एका बांधकाम कंपनीने मला वर्षाला १५ लाखांचे पॅकेज देऊ केले आहे. त्यातील दीड लाख रुपये कामगिरीवर अवलंबून आहेत. पत्नी इथल्या अनुदानित मराठी शाळेत शिक्षिका आहे. मुलगी सातवीत शिकते, आई गावातच राहते. आमच्या घरात सरकारी नोकरी मिळवणारा मी पहिलाच, त्यामुळे ती सोडण्याचा विचार बोलून दाखवला तरी वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावर कोणाचे तरी निधन झाल्यासारखा भाव उमटतो. बढतीची यादी मात्र जागची हलत नाही, आणि एईई (सहायक कार्यकारी अभियंता) होईपर्यंत पन्नाशी येईल असे दिसते. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, किंवा विचारपूर्वक टाळला आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त लेखा अधीक्षक, चिकोडी

आपण ७९,००० आणि १५ लाख हे आकडे शेजारी ठेवले आहेत, परंतु एक आकडा पगाराच्या चिठ्ठीवरचा आहे आणि दुसरा कंपनीच्या खर्चाचा. आधी दोन्ही एकाच मापाने मोजू.

कंपनीने मूळ पगार पॅकेजच्या निम्मा, म्हणजे महिना ६२,५०० रुपये धरला आहे असे समजा. कंपनीचा पीएफचा वाटा बारा टक्क्यांनी वर्षाला ९०,००० होतो आणि ग्रॅच्युइटीसाठी साधारण ३६,००० बाजूला पडतात; हे दोन्ही आपल्याच १५ लाखांत मोजलेले असतात. त्यातून दीड लाखांची बदलती रक्कम वगळली की महिन्याला १,०२,००० उरतात. आपला स्वतःचा पीएफ ७,५००, व्यवसाय कर २०० आणि नव्या करपद्धतीनुसार (बदलती रक्कमही मिळेल असे धरून) आयकर सुमारे ६,५०० वजा केला, तर हातात ८८,००० च्या आसपास पडतील. म्हणजे फरक महिन्याला २१,००० रुपयांचा आहे, आणि पुण्यात दोन खोल्यांचे घर भाड्याने घेतले तर तो तिथेच संपतो.

आयकराची गंमतही पाहून घ्या. ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहिले तर कर शून्य होतो. आपला निश्चित पगार या रेषेच्या आत बसतो, पण दीड लाखांची बदलती रक्कम मिळाली की उत्पन्न रेषेपलीकडे जाते आणि वर्षाचा कर सुमारे ७८,००० होतो, म्हणजे त्या दीड लाखांतील निम्म्याहून अधिक रक्कम सरकारजमा होते. यावर उपाय आहे. मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत, आपल्या बाबतीत १,०५,००० रुपये, कंपनीने पॅकेजमधूनच एनपीएसमध्ये भरले तर नव्या पद्धतीतही त्याची वजावट मिळते. करपात्र उत्पन्न मग ११,९४,००० वर येते आणि कर उरतच नाही. हातात येणारी रक्कम महिन्याला जेमतेम सव्वादोन हजारांनी घटते, आणि एनपीएसमध्ये मात्र ८,७५० जमा होत राहतात. आपले सध्याचे प्राण खाते (एनपीएसचे कायम क्रमांकाचे खाते) पुढे चालते, त्यामुळे नवे उघडायला नको. ही मागणी नियुक्तिपत्रावर सही करण्यापूर्वीच करावी. नंतर मनुष्यबळ विभाग ती फारशी मनावर घेत नाही.

निवृत्तिवेतनाविषयी लोक सरसकट बोलतात, म्हणून एक स्पष्टीकरण. १ एप्रिल २००६ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांना आमच्यासारखे जुने निवृत्तिवेतन नाही, तेव्हा आपण तेच गमावत आहात असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. गमावण्यासारखी आहे ती एनपीएसमधील सरकारची १४ टक्क्यांची भर, जी आपल्या मूळ पगार आणि डीएवर महिन्याला सुमारे १०,३०० होते. शिवाय १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० हून अधिक पगारावर प्रथमच पीएफचे सभासद होणाऱ्यांना पीएफच्या निवृत्तिवेतन योजनेत प्रवेश मिळत नाही, त्यामुळे तिकडूनही महिन्याची आवक धरू नये.

उद्यमबागेतला

लेखा अधीक्षक साहेबांनी हिशेब मांडला आहे, त्यावर मी काही सांगणार नाही. मी बावीस वर्षे खाजगीतच आहे, आधी फाउंड्रीत आणि आता यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्यात. एकच विचारतो: कंपनी तुम्हाला तुमच्या कामासाठी घेत आहे, की खात्यातील तुमच्या ओळखींसाठी? सरकारी अभियंत्याला अंदाजपत्रक कसे मंजूर होते, एम. बी. मध्ये (मोजमाप पुस्तिकेत) नोंद कशी घालतात आणि बिल कोणत्या टेबलावर अडते हे ठाऊक असते, आणि बाहेरच्या कंपनीला नेमकी तीच माहिती हवी असते. परंतु त्या टेबलांवरची माणसे तीन-चार वर्षांत बदलतात, आणि मग तुमची किंमत दुसऱ्या कोणत्या कौशल्यावर ठरणार, याचे उत्तर आजच शोधा.

आणखी एक. खाजगीत कामाची लाट असते. ऑर्डरी आल्या की रात्रपाळ्या, त्या थांबल्या की घरी बसायची वेळ. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडील कामगारांनी जे पाहिले, ते तुमच्या खात्यातील कोणी पाहिले नाही. तुमचा पगार तेव्हाही जमा होत होता. तरीही मी सरकारी नोकरीत गेलो नाही आणि त्याचा पश्चात्ताप नाही, कारण माझे काम मला आवडते. तुम्ही काम आवडते की नाही हे प्रश्नात कुठेच लिहिलेले नाही.

निपाणीची लेक

दादा, मी हा प्रवास करून परत आलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. एका सरकारी कार्यालयात मी एफडीए (प्रथम दर्जा सहायक) होते. २०१९ मध्ये राजीनामा देऊन पुण्यात एका खाजगी संस्थेच्या प्रशासनात गेले आणि साडेतीन वर्षांनी सासऱ्यांच्या आजारपणामुळे परत यावे लागले. तेव्हा समजले की राजीनाम्याने मागची सेवा गळून पडते. आधी सरकारी सेवेत असलेल्यांना वयात सवलत मिळते, हे खरे. पण सेवाज्येष्ठता शून्यावर येते, पगार पहिल्या टप्प्यावर, आणि परीक्षा पुन्हा द्यावी लागते. कन्नड भाषेच्या १५० गुणांच्या पेपरात किमान ५० मिळवण्यासाठी मी पस्तिशी ओलांडल्यावर पुन्हा व्याकरण घोकत होते. आपल्यासारख्या मराठी घरांत तो पेपर काय असतो, हे तुम्ही जाणताच.

तुमच्या प्रश्नात मला सर्वांत जास्त खटकले ते वहिनींच्या नोकरीबद्दलचे एकच वाक्य. कर्नाटकातील अनुदानित शाळेतून महाराष्ट्रात बदली होत नाही. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे भाषा एकच असली तरी सेवा एक नाही. त्या पुण्याला आल्या तर त्यांचा पगार बंद होईल, आणि इथेच राहिल्या तर दोन चुली पेटतील व शुक्रवारी रात्रीच्या बसने तुम्ही ये-जा कराल. मुलगी सातवीत आहे, म्हणजे पुढची तीन वर्षे घरात वडील हवे असण्याचीच आहेत. म्हणून १५ लाखांचा हिशेब वहिनींच्या पगारासह मांडा, आणि तो त्यांच्यासमोर बसून मांडा.

मलप्रभाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री लेखा अधीक्षक साहेबांनी सांगितल्याप्रमाणे कागद घेऊन बसलो आणि पत्नीचा पगार त्यात घातला. कुटुंब पुण्याला नेले तर घरात येणारा पैसा आजच्यापेक्षा कमी होतो, हे मी स्वतः कधी मोजलेच नव्हते. उद्यमबागेतील भाऊंचा प्रश्न मात्र अधिक खोल गेला. कंपनीच्या मुलाखतीत माझ्या कामाविषयी दोन आणि आमच्या कार्यालयातील बिलांविषयी सात प्रश्न विचारले गेले होते, हे आता आठवले. कंपनीचा एक प्रकल्प बेळगाव परिसरात असल्याचे त्यांनीच सांगितले होते, म्हणून तिथेच नेमणूक देता येईल का आणि एनपीएसची रक्कम पॅकेजमध्ये धरता येईल का, असे आज लेखी विचारले आहे. उत्तर येईपर्यंत कार्यालयात यातले काही बोलणार नाही. आईला एवढेच सांगितले की अजून राजीनामा लिहिलेला नाही, आणि ती लगेच चहा ठेवायला उठली.