मदत हवी आहे: जवळचा सिग्नलवाला रस्ता की लांबचा मोकळा? पेट्रोल नक्की कुठे जातं?

नमस्कार मंडळी,

दोन महिने एका हिशोबात अडकलोय, जाणकारांनी सोडवून द्यावा. गाडी पेट्रोल, १.२ लिटर, मॅन्युअल. सर्व्हिसिंग वेळेवर होतं, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघतो. (हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पहिलाच प्रतिसाद ‘हवा चेक करा’ असा येणार नाही.)

ऑफिसला जायला दोन रस्ते आहेत. एक शहरातून, ९ किमी, १४ सिग्नल; त्यातले नऊ-दहा तरी लाल मिळतातच. दुसरा बाहेरून, १२ किमी, तीन सिग्नल आणि चार सर्कल. मायलेज शहरातून ११.५ पडतं, बाहेरून १५.५. एवढा फरक बघून गेला महिनाभर बाहेरूनच गेलो, तरी पेट्रोल जवळपास तेवढंच लागलं! घरी चेष्टेचा विषय झालोय.

चौकात नेमकं काय होतं? उभं असताना इंजिन चालू राहतं त्यात जास्त जातं, की परत निघताना? लाल सिग्नलला गाडी बंद करावी का? आणि मी लांबूनच न्यूट्रल करून घरंगळत जातो, त्याने काही वाचतं का?

चक्रधर:
आधी भागाकार करा. ९ भागिले ११.५ म्हणजे ०.७८ लिटर. १२ भागिले १५.५ म्हणजे ०.७७. मायलेज दर किलोमीटरचं असतं, आणि तुम्ही रोज तीन किलोमीटर जास्त चालवताय. त्यातून टाकी फुल टू फुल मोजत असाल तर पंपावरचं नोझल कधी लवकर कट होतं, कधी उशिरा. एवढासा फरक त्यात दिसणारही नाही.

धागाकर्ता:
अरे देवा. हा भागाकार मी केलाच नव्हता. घरी सांगणार नाही.

गॅरेजवाले काका:
भागाकार बरोबर आहे, पण मूळ प्रश्न राहिला. जरा सविस्तर लिहितो.

तुमची गाडी माणसांसकट ११०० किलो धरू. ५० च्या वेगात तिच्यात साधारण १०६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून उभे राहिलात की ती सगळी ब्रेक पॅड तापवण्यात गेली. पुन्हा ५० ला यायचं तर तेवढीच परत घालावी लागते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातले पाव हिस्सा चाकापर्यंत पोचवतं असं धरा. म्हणजे एका थांब्याला १३ मिली. खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मावेल एवढं. असे दहा थांबे झाले की १३० मिली, तेही एका फेरीत.

आता उभं राहण्याचं. एवढं इंजिन आयडलवर एसीशिवाय मिनिटाला १०-१२ मिली पितं, एसी लावला की आणखी. म्हणजे मिनिटभर उभं राहणं आणि एकदा ५० पर्यंत उचलणं जवळपास सारखंच. लोक सिग्नलवरच्या सेकंदांकडे बघत हळहळतात, पण तेवढंच पेट्रोल दोन सिग्नलच्या मध्ये, आपण मजेत पळत असताना जळतं.

गोम वर्गात आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पुढचा सिग्नल लाल दिसतोय, तरी ५० ला नेऊन ब्रेक मारलात तर पूर्ण टोपण गेलं. ३५ पर्यंतच नेलीत तर निम्मं. ‘मी थांबलो नाही, २० वर आणून निघालो’ असं अभिमानाने सांगणारेही असतात. पण ब्रेक दाबून २० वर आलात तर ८४ टक्के ऊर्जा गेलीच की! ब्रेक न लावता आलात तर गोष्ट वेगळी, तेव्हा ती रस्ता कापण्यात वापरली गेली.

आणि न्यूट्रल सोडा. ती कार्ब्युरेटरच्या काळातली सवय. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की इंजिनात पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात. आरपीएम खूप खाली आले की मग पुन्हा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधल्या इंजिनामुळे गाडीला बसणारी ओढ, जातं. मीटरवर तात्कालिक मायलेजचा आकडा असेल तर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढून बघा, एकदम टोकाला जातो. क्लच दाबलात की लगेच खाली येतो.

रात्रपाळी:
बंद करण्याबद्दल: गरम इंजिन असेल तर साधारण दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असताना बंद केलेलं फायद्याचं. पण रांगेत पहिला नंबर असेल तर नको, आणि गाडी पूर्ण उभी राहिल्याशिवाय तर नकोच. बंद इंजिनावर ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं ठेवणारा) एक-दोनदाच साथ देतो, मग पेडल दगड होतं. जुनी बॅटरी असेल तर तोही विचार करा.

सर्कलबद्दल लोकांचा फार गोड समज आहे. वाहतूक मध्यम असेल तर सर्कल सिग्नलपेक्षा बरंच, कारण पूर्ण थांबावं लागत नाही. एकाच बाजूने लोंढा येत असेल तर बाकीच्यांना आत शिरायला फटच मिळत नाही, आणि पहिल्या गिअरमध्ये इंच-इंच सरकत राहावं लागतं. त्यापेक्षा सिग्नल परवडतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):
काका, प्रयोग केला. रस्ता शहरातलाच, ९ किमी. न्यूट्रल बंद, दोन जवळच्या सिग्नलमध्ये ३५-४० च्या वर नाही, लाल दिसला की गिअरमध्ये ठेवून पाय काढायचा. लांब लाल असला तरच गाडी बंद. मीटर ११.५ वरून १३ वर आलाय. या वेळी भागाकारही केला: फेरीला ०.६९ लिटर. वेळ दोन मिनिटं वाढला असेल-नसेल.

एकच अडचण. मी पाय काढला की मागचा हॉर्न वाजवत पुढे जातो आणि नेमका माझ्याच लेनमध्ये सिग्नलला उभा राहतो. हिरवा होईपर्यंत मी पोचतो तेव्हा माझी गाडी अजून पळत असते, आणि त्याच्यामुळे मलाही ब्रेक मारावा लागतो. यावर काही?

चक्रधर:
आणखी थोडं आधी पाय काढा.