भाच्याला मुंबईला जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलंय, ते नक्की करतात काय?

कुडाळची_मावशी
नमस्कार मंडळी. बहिणीचा मुलगा, ६ वर्षांचा. चालताना सारखा पडतो, पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या टणक. खाली बसला की उठताना आधी हात जमिनीला, मग गुडघ्यांना, मग मांड्यांना, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. वर्षभर आम्ही त्याला आळशी म्हणत होतो, आता लाज वाटते. इथल्या बालरोगतज्ज्ञांनी सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) केली, ती १५ हजारांच्या वर आली, म्हणाले ड्युशेन, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर करणारा आनुवंशिक आजार असू शकतो, क्लिनिकल जेनेटिसिस्टना दाखवा. भावोजी म्हणतात यावर औषधच नाही तर कोकणकन्येने एवढं जायचं कशाला, रक्त इथूनच पाठवू. सासूबाईंचं देवाला गाऱ्हाणं घालून झालंय. कोणी जाऊन आलंय का?

गुहागरचा_बाबा
आलोय, माझ्याच मुलासाठी. मला वाटलेलं मोठं मशीन बिशीन असेल, तर पहिला पाऊण तास नुसता कागद आणि पेन. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, तीन पिढ्या काढल्या. बायकोचा मामा बाराव्या वर्षी चालायचा थांबला आणि विशीच्या आत गेला, घरात सगळे त्याला पोलिओ झालेला असंच सांगायचे. डॉक्टरांनी पेन थांबवून विचारलं, तापानंतर एकदम पाय गेला की हळूहळू दोन्ही पायांतली ताकद कमी होत गेली? सासूबाई गप्पच झाल्या. पन्नास वर्षं पोलिओ म्हणून चाललेलं ते. आणि औषध नाही हे अर्धंच खरं हो, आजार पूर्ण जात नाही पण स्टिरॉइडने पोरं जास्त वर्षं चालतात, हृदय वेळोवेळी बघावं लागतं, आणि कुठलंही ऑपरेशन असलं तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं, भुलेची काही औषधं या पोरांना चालत नाहीत.

जांभळं_झाकण
मी लॅबमध्ये आहे. रक्त कुरिअरने येतं हो, पण कुठली टेस्ट लावायची हे कोण ठरवणार? या आजाराच्या जीनमध्ये ७९ एक्झॉन, म्हणजे जीनचे तुकडे, बहुतेकांत एखादा तुकडा गाळलेला नाहीतर डबल झालेला असतो, म्हणून आधी एमएलपीए करतात, म्हणजे कुठला तुकडा कमी-जास्त आहे ते मोजणारी टेस्ट, त्यात नाही सापडलं तरच सिक्वेन्सिंग, म्हणजे जीन अक्षर-अक्षर वाचणं. लोक थेट महागडी टेस्ट लावून मोकळे होतात आणि रिपोर्टवर येतं ‘अर्थ अनिश्चित’, मग ते घेऊन घरात रडारड. असा रिपोर्ट दोन-तीन वर्षांनी परत वाचायचा असतो, तोवर कधी कधी तसेच बदल दुसऱ्या पेशंटांत सापडलेले असतात आणि अनिश्चितचं निश्चित होतं. संशोधन म्हणतात ते इथूनच सुरू होतं. एक्झॉन वगळणारी औषधं आलीत पण ठराविक तुकडे गाळलेले असले तरच ती लागू, ५१ नंबरवालं साधारण १३ टक्के मुलांनाच. तुमच्या मुलात कुठला तुकडा गाळलेला आहे ते माहीत नसेल तर ट्रायलच्या दारातही उभं करत नाहीत.

कुडाळची_मावशी
धन्यवाद दोघांना. पण मामाचं वाचून पोटात गोळा आला. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालंय, मूल नाही अजून. म्हणजे हा माझाही प्रश्न झाला का?

जांभळं_झाकण
हो, हा बदल आईकडून मुलांत येऊ शकतो, म्हणूनच नुसतं रक्त पाठवून भागत नाही. साधारण एक तृतीयांश मुलांत बदल नव्याने झालेला असतो, आईकडून आलेलाच नसतो. आधी भाच्यात बदल सापडू दे, मग तोच बहिणीत आणि तुमच्या आईत आहे का बघतात. आईत निघाला तर तुमच्यात असायची शक्यता निम्मी, आणि असलाच तर प्रत्येक मुलग्याला निम्मी. दिवस राहायच्या आधी हे कळलं तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेची तपासणी करता येते. मुलगा की मुलगी ते कोणी सांगणार नाही, कायदा आहे. आणि बहिणीला सासरी कोणी बोललं तर डॉक्टरांनाच समजवायला सांगा, ते त्यांच्या कामातच येतं.

गुहागरचा_बाबा
जाताना आजोळची सगळी माहिती न्या, कोण कितव्या वर्षी कशाने गेलं. जुने फोटो असले तर तेही, आमच्या मामाचा मुंजीतला फोटो डॉक्टरांनी बराच वेळ बघितला, पोटऱ्या दिसत होत्या.

कुडाळची_मावशी
आईची आत्या आहे मालवणात, ८४ वर्षांची, तिला सगळ्यांचं मरण पाठ आहे. उद्या सकाळी फोन करते. भावोजी तिकीट बघतायत, वेटिंग आहे.