मदत हवी आहे: ग्रामस्थ मंडळाच्या घटनेत पूर्ण बहुमताची अट कशी घालावी?

नमस्कार.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे. ज्याला सर्वांत जास्त मते, तो ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष, अशी आमच्याकडची आजवरची रीत. गेल्या निवडणुकीत चौघे उभे राहिले आणि त्यांपैकी दोघे एकाच वाडीतले असल्याने त्या वाडीची मते फुटली. जेमतेम एक तृतीयांश मते मिळालेले गृहस्थ अध्यक्ष झाले. नियमाप्रमाणे सर्व काही रीतसर झाले आणि माणूसही कामाचा आहे. तरीही देवळाच्या सभामंडपासाठी वर्गणी मागायला गेले, की "आम्ही कुठे त्यांना निवडलं?" हे उत्तर दारोदार ऐकावे लागते. घटनादुरुस्तीचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अध्यक्षाला वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत, या मताचा मी आहे. ही अट कोणत्या पद्धतीने घालावी, याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

एक मार्ग फ्रान्सचा. तेथे राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आघाडीच्या दोघांमध्ये दोन आठवड्यांनी दुसरी फेरी होते. १९६५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनाही ती चुकली नाही. मतदारासमोर दोनच नावे उरतात आणि कौल निःसंदिग्ध मिळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. मात्र आमचे निम्मे सभासद मुंबईकर आहेत. मतदान गणपतीत भरणाऱ्या वार्षिक सभेत होते आणि विसर्जन झाले की चाकरमानी परतीच्या गाड्या धरतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी मिळालेले बहुमत हे मागे राहिलेल्यांचेच बहुमत ठरेल. शिवाय पहिल्या फेरीतली मतफूट या पद्धतीनेही टळत नाही. २००२ मध्ये डाव्या पक्षांची मते अनेक उमेदवारांत विभागली गेली, पंतप्रधान जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर थांबले आणि १६.८६ टक्के मते मिळवून अतिउजवे ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. पुढे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शिराक ८२ टक्के मतांनी निवडून आले खरे, पण त्यांची पहिल्या फेरीतली मते २० टक्क्यांच्याही आत होती.

दुसरा मार्ग पसंतीक्रमाचा, आणि तो आपल्याला परका नाही. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे, त्यांना केंद्रावर मिळणारे जांभळ्या शाईचे पेन आठवत असेल. त्याच पेनाने नावासमोर १, २, ३ असे अंक लिहायचे असतात. वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवला की कोटा, म्हणजे विजयासाठी लागणारी मते, ठरतो. तो कोणीच गाठला नाही, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या जातात. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत असेच घडले. कोटा ४,१८,१६९ मतांचा होता आणि गिरी यांना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मते होती. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९ मतांसह तिसरे होते. देशमुखांची आणि इतर बाद उमेदवारांची मते वाटली गेल्यावर गिरी ४,२०,०७७ पर्यंत पोहोचले, तर संजीव रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. पुन्हा मतदान न घेता एका दिवसाच्या मतपत्रिकांवर निकाल लागतो, म्हणून आमच्यासाठी हीच पद्धत सोयीची वाटते.

तथापि दोन शंका सुटत नाहीत. पुष्कळ जण फक्त १ लिहून मतपत्रिका पेटीत टाकतात. समजा, २०० वैध मतपत्रिका आहेत आणि दोन उमेदवार बाद होईपर्यंत त्यांतल्या ३० पत्रिकांवर पुढची पसंतीच उरली नाही. मग राहिलेल्या १७० पैकी ८८ मते मिळवणारा विजयी होईल, पण ती २०० च्या निम्मीही नाहीत. वर्गणीच्या वेळचे उत्तर तेव्हाही तेच राहील. ऑस्ट्रेलियात प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत सर्व उमेदवारांना क्रमांक देणे सक्तीचे आहे. तशी सक्ती आमच्याकडे केली, तर वयस्कर सभासद यादीतल्या क्रमानेच वरून खाली अंक लिहितील किंवा एखाद्या चुकीने त्यांचे मत बाद होईल, ही भीती वाटते.

दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते. दोन मोठ्या वाड्यांचे दोन उमेदवार आणि दोन्हीकडच्या लोकांना चालणारा तिसरा, असा सामना झाला, तर तो तिसरा सर्वांची दुसरी पसंती असूनही पहिल्या पसंतीची मते कमी पडल्याने आधी बाद होतो. अमेरिकेतील बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत हे घडले: समोरासमोरच्या लढतीत इतर प्रत्येकाला हरवू शकणारा उमेदवार शेवटच्या दोघांत पोहोचलाच नाही, आणि पुढच्याच वर्षी तेथील नागरिकांनी ही पद्धत मत देऊन रद्द केली. गावाला खरे तर असाच मधला माणूस हवा असतो.

म्हणून विचारतो. आपल्यापैकी कोणाच्या मंडळात, वाचनालयात किंवा शिक्षणसंस्थेत पसंतीक्रमाने अध्यक्ष निवडला जातो का? किमान किती पसंत्या सक्तीच्या ठेवल्या आहेत, आणि शेवटच्या फेरीत कोटा पूर्ण झाला नाही तर काय करावे, याचे कलम कसे लिहिले आहे? प्रत्येक दोघांची स्वतंत्र तुलना करून सर्वांना हरवणारा उमेदवार निवडावा, असाही एक उपाय वाचनात आला. हाताने मोजणी करणाऱ्या छोट्या संस्थेला तो झेपतो का? आमचे मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले आहे, तेव्हा अशी दुरुस्ती धर्मादाय कार्यालयात मंजूर करून घेतल्याचा कोणाला अनुभव असल्यास तोही सांगावा. मसुदा श्रावणात सभासदांना पाठवायचा आहे. कलमाचा किंवा मतपत्रिकेवरील सूचनांचा नमुना कोणी येथे दिल्यास फार उपयोग होईल.